पाहुण्यांच्या खोल्यांखालची जमीन

आत्याने पश्चिमेच्या खोलीतल्या पलंगावर मांडी घातली आणि जाहीर केलं, की आता तिला उठवायचं असेल तर क्रेन मागवावी.

"क्रेन आणली तर क्रेनचंही वजन कागदावर येईल," काका म्हणाले. म्हणाले ते खिडकीला. बाबा गेल्याची बातमी आधी कोणाला कळवायला हवी होती, यावरून या दोघा भावंडांत वर्षभर बोलणं बंद होतं. त्यामुळे दोघं एका छपराखाली आले की खिडकी, कपाट, वेळप्रसंगी चहाची किटली असे मध्यस्थ लागत.

बाबांची थोरली मुलगी दोघांच्या मधे उभी होती. कानामागे पेन्सिल, हातात गुंडाळलेला कागद. जमिनीला समजावणं तिला जमत असे, भूगर्भशास्त्र हा तिचा पेशाच होता. माणसांना समजावताना मात्र तिचा घसा सकाळपासून सुकला होता.

"आत्या, सगळ्यांनी पूर्वेच्या खोलीत जायचं, जरा वेळ गप्प बसायचं, मी हाक मारली की परत यायचं. एवढंच."

"सगळ्यांनी म्हणजे, त्याच्यासकट?"

"त्यांच्यासकट."

"आणि गप्प?"

"गप्प."

"मग ते 'एवढंच' नाही," आत्या म्हणाली आणि तिने उशी पाठीशी घेतली.

हे सगळं न्याहारीच्या टेबलावर सुरू झालं होतं. बाबांना जाऊन वर्ष झालं म्हणून सगळे जमले होते, आणि वातावरण जमेल तितकं गंभीर होतं. शिवाय अभिमानाचाही दिवस होता. शहराच्या पोटातल्या जमिनीचा नवा नकाशा आज संध्याकाळी छपाईला जायचा होता, आणि त्यावर याच घराखालून जाणारी एक लाल रेघ होती. रेघेला बाबांचं नाव होतं. थोरलीच्या धाकट्या भावाने त्यासाठी चौकटही करवून आणली होती. नकाशा यायचा होता, चौकट आधीच भिंतीवर होती.

ही रेघ म्हणजे बाबांचं आयुष्य. घराच्या तळघरात, जाड काँक्रीटच्या लादीवर, त्यांनी स्वतःच्या हाताने बनवलेलं कलमापक यंत्र होतं. किलोमीटरभर लांबीच्या फळीच्या एका टोकाखाली केस सरकवला तर ती फळी जेवढी कलेल, तेवढा कल ते दाखवी. कागद हळूहळू फिरे आणि त्यावर बारीक सुई शाईने रेघ काढत राही. त्या कागदावरून बाबांना दिसलं, की दरवर्षी उन्हाळ्यात घराखालची जमीन पश्चिमेकडे झुकते आणि उन्हाळा सरत आला की परत जागेवर येते. त्यांनी त्याचा अर्थ लावला: खाली खडकात भूकंपाची एक भेग आहे, नकाशावरची लाल रेघ तीच, आणि ऊन तापलं की भेगेच्या पश्चिमेची चिकणमाती आकसून बसते. निबंध छापून आला. व्याख्यानं झाली. परदेशातून माणसं आली, तळघराच्या पायऱ्यांवर डोकं आपटून घेऊन परत गेली.

सुट्टी लागली की जमीन पश्चिमेकडे झुकते, सुट्टी संपली की सरळ होते. पाहुण्यांच्या खोल्या पश्चिमेला होत्या, आणि पाहुणे सुट्टीतच येत. पण या घरातल्या एकाही माणसाला, आणि सगळी शिकलीसवरलेली माणसं होती, यात काही चमत्कारिक वाटलं नव्हतं.

थोरलीने पावाला लोणी लावता लावता ते सांगून टाकलं. भेग नाही. माती आकसत नाही. जे झुकतं ते घर झुकतं, आणि ते पाहुण्यांनी झुकतं.

मग धाकटा म्हणाला, "म्हणजे तुझं म्हणणं, बाबांनी आयुष्यभर आत्याचं वजन मोजलं?"

तेव्हा आत्या उठली होती, ती थेट या पलंगावर येऊन बसली.

"मी मुद्दाम नाही म्हटलं ते," धाकटा आता दारातून म्हणाला. तो लिफ्ट बसवण्याचा धंदा करी, आणि माणसांकडे बघून मनातल्या मनात किलो मोजायची त्याला खोड होती. "पण ताई, मला एक सांग. तुला हे आजच का सुचलं? माणूस गेल्यावर वर्षाने? ते असताना का नाही बोललीस?"

"ते असताना कळलं नव्हतं."

"आणि गेल्यावर कळलं! वा! साप निघून गेल्यावर भुई धोपटायची."

"साप नव्हताच, हेच तर ती सांगते आहे," काका खिडकीला म्हणाले. काकांचा बोअर मारण्याचा व्यवसाय होता, आणि अंगणात भेग शोधता शोधता त्यांच्या यंत्राची दोन टोकं मोडली होती. थोरलीच्या बाजूने ते होते खरे, पण ते आत्या दुसऱ्या बाजूला होती म्हणून. आत्या पूर्वेला गेली असती तर काका भेगेसाठी प्राण द्यायला तयार झाले असते.

"वा रे भाऊ!" आत्या कपाटाला म्हणाली. "दादा होता तेव्हा याच्या तोंडून ब्र निघाला नाही. दादाने भेग सांगितली, याने भोक पाडलं. आता दादा नाही, तर याला भोकात भेग दिसत नाही."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणावं तिला. भेग काय शोधता? पलंगावर बघा कोण बसलंय!"

"बास!" थोरली म्हणाली. एरवी तिचा आवाज कधी चढत नसे, त्यामुळे खिडकीसुद्धा गप्प झाल्यासारखी वाटली. "बाबांच्या नावाला धक्का लावायची मला हौस नाही. पण रेघ राहिली की नवं इस्पितळ इथे होणार नाही. भेगेच्या जवळ इस्पितळ बांधायला परवानगी नसते. मग ते नदीकाठी नेणार. आणि नदीकाठी खाली काय आहे ते मी स्वतः तपासलं आहे. सुटी, ओली वाळू. एरवी पायाखाली घट्ट लागते. भूकंपाने हलवली की पातळ होते, वरची इमारत सरळ आत बसते. नसलेल्या भेगेला घाबरून आपण रोग्यांना वाळूवर निजवणार आहोत."

धाकट्याने खांदे उडवले. "भूकंप होईल तेव्हा बघू. गेल्या शंभर वर्षांत झालाय का?"

"म्हणूनच भीती आहे."

"हे असं बोलतात हे लोक," धाकटा आत्याला म्हणाला. "झाला तरी भीती, नाही झाला तरी भीती."

आत्याने मान डोलावली. हे दोघं एका बाजूला, काका नि थोरली दुसऱ्या; असं जमलं होतं. एवढ्यात धाकट्याची बायको हात पुसत स्वयंपाकघरातून आली. ती प्रसूतिगृहात परिचारिका होती, आणि या घरच्या शास्त्रीय वादांत तिने आजवर कधी तोंड घातलं नव्हतं.

"इस्पितळ म्हणजे आमचंच ना हो, ताई? प्रसूती विभाग कुठल्या मजल्यावर आहे त्यात?"

"तळमजल्यावर."

"म्हणजे वाळू पातळ झाली की पहिले आम्ही."

"तू जरा थांब," धाकटा म्हणाला.

"मी थांबेनच. मला थांबावंच लागतं. तुमची लिफ्ट अडकली तर तुम्ही उद्या येतो म्हणून सांगता. मला अर्धं बाळंतपण टाकून पळता येत नाही." मग ती आत्याच्या शेजारी पलंगावर बसली, तिचा हात हातात घेतला, आणि आपल्या कामाच्या ठिकाणी वापरायचा आवाज काढला. "आत्या, उठायचं. लांब श्वास घ्या. आता पाय खाली."

आत्या लांब श्वास घेऊन उठली. उठल्यावर तिला आपण उठलो हे कळलं आणि तिने अट घातली. "माझ्या एकटीचा आकडा काढायचा नाही. नकाशावर माझं वजन जाता कामा नये. मला कोणाबरोबर तरी मोज, म्हणजे कोणाचं किती ते कळणार नाही."

"कोणाबरोबर?"

आत्याने सगळ्यांवरून नजर फिरवली. धाकटा काटकुळा, त्याची बायको चिमणीएवढी, काकू गेल्या आजारपणापासून निम्मी झालेली. या घरात आत्याचं वजन ज्याच्याआड लपू शकेल असा एकच माणूस होता.

"त्याला म्हणावं," ती कपाटाला म्हणाली, "माझ्या शेजारी बस."

काकांनी खिडकीकडे बघितलं. खिडकीने काही मदत केली नाही.

*

थोरली तळघरात उतरली तेव्हा आई आधीच तिथे होती. बाबांच्या खुर्चीत नव्हे. त्या खुर्चीत वर्षभर कोणी बसलं नव्हतं. ती पायरीवर, चहाचा कप गुडघ्यावर धरून, बसली होती. दिवा लागलेला होता. बाबा गेल्यापासून तो विझवलेला नव्हता. तळघर काळोखं बघवत नाही, असं आई म्हणे.

"वर सगळे तयार झाले?"

"आत्याला तुझ्या सुनेने उठवलं."

"सुईण आहे ती. भल्याभल्यांना बाहेर काढते."

भिंतीत एक पाइप होता. जेवायला मारलेल्या हाका बाबांना ऐकू येत नाहीत म्हणून आईने लग्नानंतर लगेच बसवून घेतलेला. थोरलीने त्यात तोंड घालून सांगितलं, "सगळे पूर्वेला चला."

वरून पावलं गेली. खुर्च्या सरकल्या. सुई आधी थरथरली, मग पूर्वेकडे निघाली, संथपणे, पण थांबायचं नाव न घेता. कागदावर उमटलेली रेघ बाबांच्या निबंधातल्या आकृतीसारखीच होती, फक्त आरशात बघावी तशी.

मग सुई मधेच मागे आली.

"कोणीतरी पश्चिमेला गेलं," थोरली पाइपात म्हणाली.

"आत्याबाईंचा चष्मा राहिला होता तिकडे!" काकूचा आवाज आला. "हे आणायला गेलेत."

"कोण?"

"आमचे हे!"

आई आणि थोरलीने एकमेकींकडे पाहिलं. वर्षभरात काकांनी आत्यासाठी पाण्याचा पेलासुद्धा हलवला नव्हता. सुई पुन्हा पूर्वेकडे गेली, चष्मा पोचला. पुढे बराच वेळ ती जागेवर राहिली, म्हणजे एका पलंगावर, एकमेकांशेजारी, दोघंही बसून होते. नंतर थोरलीने सगळ्यांना परत पश्चिमेला बोलावलं, आणि सुई उन्हाळ्यात झुके तशी पश्चिमेकडे झुकली. भेग नाही, ऊन नाही, माती नाही. फक्त माणसं.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं."

आईने चहाचा घोट घेतला. तो निवला होता हे तिच्या तोंडावरून कळलं. "यांना इतकी वर्षं कसं दिसलं नाही? एवढे हुशार."

"बाबांना वाटायचं, घर म्हणजे यंत्राचं छप्पर. त्यात कोणी राहतं, हे त्यांनी धरलंच नव्हतं."

"सुट्टीत माणसं आली रे आली, की हे खाली. वन्सं विचारायच्या, दादा कुठे? मी म्हणायची, काम आहे. कसलं काम! गोंगाट नको म्हणून यायचे." आई हसली, पण आवाज न करता. "नातेवाईक टाळायला तळघरात आले, आणि इथे बसून जन्मभर नातेवाईकच मोजले."

थोरलीलाही हसू आलं. तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं, असं तिला वाटलं. पण आई यंत्राकडे बघत होती.

"मग तू म्हणालीस सकाळी, या वर्षी सुई उलटीकडे गेली. वर्षभर. त्यामुळे तो नकाशाखात्यातला यांचा शिष्य घाबरला, भेग जागी झाली म्हणून. पण या वर्षी कोणी आलंच नव्हतं. मी एकटी होते. मग ते काय होतं?"

थोरली कागद गुंडाळू लागली.

"मी विचारते आहे."

"जाऊ दे ना, आई."

"तुझे बाबाही असंच म्हणायचे. सांग."

थोरली खालच्या पायरीवर बसली. "बाबा इथे खुर्चीत बसले की त्यांच्या वजनानेही सुई पश्चिमेकडे हलायची. ते त्यांना पहिल्या वर्षीच कळलं होतं. म्हणून त्यांनी यंत्रात वजाबाकी बसवली. दिव्याच्या बटणाला जोडून. दिवा लावला की बाबा आले, यंत्राने त्यांचं वजन वजा करायचं. विझवला की बाबा गेले."

"स्वतःचं तेवढं वजा केलं."

"हो. फक्त स्वतःचं."

आईने दिव्याकडे बघितलं. थोरलीला वाटलं, आता ती उठेल आणि बटण दाबेल. पण ती उठली नाही.

"म्हणजे मी दिवा लावून ठेवते," आई सावकाश म्हणाली, "आणि याला वाटतं हे बसलेत."

"हो."

"आणि खुर्ची रिकामी."

"म्हणून रेघ उलटी जाते."

"किती उलटी?"

"जेवढे बाबा होते," थोरली म्हणाली, "तेवढीच." तिला आणखी काही सांगायचं होतं. गेल्या महिन्यात तिने हा आकडा पहिल्यांदा काढला, तेव्हा तो बाबांच्या शेवटच्या तपासणीच्या वजनाशी बरोबर जुळला होता, आणि ती प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांना सर्दी झाली म्हणून सांगून घरी निघून आली होती. पण ते तिने सांगितलं नाही.

आईने कप पायरीवर ठेवला. "म्हणजे इस्पितळ मी हलवलं."

"तसं नाही, आई."

"तसंच आहे. एक बटण आणि पाहुण्यांच्या खोल्या, एवढ्यावर शहर चाललंय तुमचं." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "रेघ पुसली की यांचं नाव जाईल?"

"नकाशावरून जाईल."

"आणि ठेवली तर बायका वाळूवर बाळंत होणार." आई पायऱ्या चढू लागली. "चल. फोन लाव त्याला."

*

फोन ओसरीतल्या स्टुलावर होता. सगळे भोवती जमले. काका आणि आत्या अजून शेजारी शेजारी उभे होते, जणू प्रयोग संपल्याचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

शिष्याचा आवाज एवढा मोठा होता, की थोरलीने फोन कानापासून लांब धरला तरी चालत होतं. "ताई! नकाशा छपाईला निघालाच आहे. सरांची रेघ बघाल तर डोळे भरून येतील. जाड केली आहे."

"ती काढा," थोरली म्हणाली.

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. तिने सगळं थोडक्यात सांगितलं. मग शिष्य आवाज खाली आणून, आपलेपणाने म्हणाला, "ताई, हे असं नको. सरांचं नाव मोठं आहे. मला रेघ काढायला कारण लिहावं लागतं. आपण असं करू, यंत्र बिघडलं होतं असं लिहू. जुनं झालं होतं. कोणाचाच दोष नाही."

"हे बघ, हे बरोबर आहे!" धाकटा पुढे झाला. "यंत्र बिघडलं. मिटलं. बाबा सुटले, इस्पितळ सुटलं, तू सुटलीस. हो म्हण, ताई."

आत्या म्हणाली, "म्हण गं. वजनाचा विषयही निघायचा नाही."

या वेळी काकांनीही मान हलवली. पहिल्यांदाच सगळं घर एका बाजूला झालं होतं. थोरलीला त्याचा भार जाणवला. हो म्हणणं सोपं होतं. कोणी कधी तपासायला आलं नसतं. तिला ते यंत्र दिसलं. पितळेचे स्क्रू, एकेक हाताने घासलेला. दर रविवारी बाबा मऊ कापडाने पुसायचे. लहानपणी ती दारात उभी राही आणि ते मान वर न करता म्हणत, श्वास जरा हळू घे.

"यंत्र बिघडलं नव्हतं," ती म्हणाली. "त्या यंत्राने एकदाही चूक केली नाही. एक माणूस चष्मा आणायला खोलीबाहेर गेला तर ते सांगतं. बाबांनी चुकीचा अर्थ लावला. पण यंत्र बरोबर बनवलं होतं. दोन्हीतलं एकच वाचवता येणार असेल तर मी यंत्र वाचवते."

"अगं, पण लोक म्हणतील—" धाकटा म्हणाला, आणि लोक काय म्हणतील ते त्याला सुचेना. त्याने एकदा भिंतीवरच्या रिकाम्या चौकटीकडे पाहिलं आणि तो बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"मग कारण काय लिहू, ताई?" शिष्य रडकुंडीला आला होता. "खात्याला कारण लागतं. वरच्या मजल्यावर माणसं होती असं लिहिलं तर विचारतील, कोण माणसं? किती? कशासाठी आली होती?"

"वजनं देणार नाही!" आत्या ओरडली.

"माझं नाव आधी घालायला सांग," काका म्हणाले. "सख्खा भाऊ आहे मी."

"आणि मी काय चुलत आहे?"

"मी कोणाचीच नाही, मला गाळा," काकू म्हणाली.

सगळे एकदम बोलू लागले. थोरलीने डोळे मिटले. तेवढ्यात आईने तिच्या हातातून फोन घेतला. पदर सारखा केला, जणू शिष्य समोर उभा आहे.

"मी बोलते आहे. हो, बरी आहे. तू जेवलास का? बरं. आता लिहून घे. 'यंत्र बरोबर होतं. घरी माणसं आली होती.' झालं? नाही, पुढे काही नाही. पूर्णविराम दे. खाली यांचं नाव घाल... रेघेला नको म्हटलं ना. यंत्र बरोबर होतं, त्याच्या खाली. आणि इस्पितळ इकडेच बांधा. जमीन चांगली आहे. आम्ही सगळे मिळून तिच्यावर बसून बघितलं आहे."

"आई, असं म्हणता येत नाही," थोरली कुजबुजली. "आधी खणून बघावं लागतं."

"ही म्हणते, आधी खणून बघावं लागतं," आई फोनमध्ये म्हणाली. "मग बघा. केव्हाही या, मी घरीच असते. फक्त सगळे एकदम येऊ नका. खाली यंत्र चालू आहे."